फटफटीची मंद चाल

बाजाराच्या दिवशी तिठ्यावर थांबलेली एखादी जुनी फटफटी तुम्ही पाहिली असेल. रस्त्याला लागली की वाऱ्यासारखी पळते. पण मालक कुणाशी दोन शब्द बोलायला थांबला, की ठोका चुकतो, हँडल थरथरते आणि गाडी गप्प होते. मिस्त्री म्हणतात, 'स्लो धरत नाही.' हे म्हातारपणाचे दुखणे, अशी आपली समजूत. खरे पाहता ते इंजिनाच्या बाळपणापासूनचे आहे.

1885 साली जर्मनीत कानस्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर 264 घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले. ताकद अवघी अर्धी अश्वशक्ती! ठिणगीचा प्लग तिच्यात नव्हताच. बाहेरून लाल तापवलेली नळी आतले मिश्रण पेटवी. पेट्रोल भांड्यात ठेवलेले असे आणि त्याच्यावरून जाणारी हवा वाफ घेऊन येई. आता भांड्यातली वाफ ती. उन्हात जास्त, थंडीत कमी. शिवाय पेट्रोलातला हलका भाग आधी उडून जाई आणि जड भाग तळाशी उरे. मग एकसारखी चाल यायची कुठून?

उपाय निघाला 1893 मध्ये. हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी, आणि काही महिन्यांच्या अंतराने मायबाख यांनीही, बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवण्याची युक्ती बांधली. पिकावर औषध मारायच्या हातपंपात काय होते? नळीच्या तोंडावरून जोराचा वारा गेला की खालचे औषध आपोआप वर ओढले जाते. कार्बोरेटरचे गमक तेच. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात फुंकणीने करून दाखवता येईल.

पण जरा हळू फुंकून पाहा, काहीच वर येत नाही. गाडी उभी असताना नेमके हेच घडते. एक्सिलरेटर सोडला की वारा मंदावतो आणि मोठी तोटी मुकी होते. म्हणून मंद चालीसाठी एक निराळी, केसासारखी बारीक वाट ठेवावी लागली. पळताना या वाटेला फारसे काम नसते, म्हणून ती बुजली तरी पळताना कळत नाही. गाडी महिनाभर पडून राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर पहिल्यांदा हीच वाट बंद करतो.

आपल्याकडे या कहाणीचा नायक म्हणजे बुलेट. 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली. इंग्लंडातल्या रेडिचहून येणारे भाग जोडून काम सुरू झाले आणि पुढे ते भाग इथेच बनू लागले. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला, पण मद्रासची गाडी चालूच राहिली. त्यामुळे आज खेड्यापाड्यांत अशा गाड्या आहेत, की ज्यांचा जन्म एका दशकातला, कार्बोरेटर दुसऱ्यातला आणि प्लग परवाचा.

इथेच घोटाळा होतो. जुन्या अमल जातीच्या कार्बोरेटरवरचा बारीक स्क्रू हवा कमीजास्त करतो. आत पिळला की हवा घटते आणि पेट्रोलचे प्रमाण वाढते. नंतरच्या काही कार्बोरेटरांत तोच स्क्रू मिश्रण सोडतो. आत पिळला की पेट्रोल घटते. म्हणजे एका गाडीवर शिकलेला हात दुसरीवर उलटा पडतो.

माझ्या मामांच्या बुलेटवर मी हे भोगले आहे. ती स्लो धरेना, म्हणून एका मिस्त्रीने तिचा कार्बोरेटर बदलला. त्या महिन्याचा मामांचा पगार निम्मा तिथेच गेला आणि गाडी होती तशीच! शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडतो, त्या सांध्यावर बोटाने थोडे तेल लावले. लगेच चाल बदलली. सांध्यातून चोरून हवा आत जात होती. पट्टी वाकली होती आणि गास्केट सुकले होते. दोन रुपयांचे काम निघाले.

त्यांची रीत मी तेव्हापासून पाळतो. आधी प्लग काढून पाहायचा. मग पॉइंटची फट, ती साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. मग टॅपेट, जुन्या बुलेटचे इंजिन अगदी थंड असताना आतला दांडा बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. त्यानंतर हवेची चोरी. कार्बोरेटर उघडायचा तो सर्वांत शेवटी, आणि स्क्रू पिळण्याआधी तो किती फेरे बाहेर आहे हे मोजून लिहून ठेवायचे.

पेट्रोलात इथेनॉल मिसळू लागल्यापासून एक काम वाढले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. तेव्हा गाडी फार दिवस ठेवायची असेल तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. 2020 पासून नव्या बुलेटला कार्बोरेटरच नाही. तिथे विजेच्या इशाऱ्यावर पेट्रोल मोजून सोडले जाते. मामांची मात्र अजून त्या बारीक वाटेवरच चालते, आणि दर दिवाळीला ती वाट आम्ही फुंकून साफ करतो.