वाळ्याची ताटी ते एसीची जाळी : जालन्यातील गारव्याचा इतिहास

१/ एसीची जाळी काढून नळाखाली धरली की तिच्यातून राखाडी चिखल वाहू लागतो. हे काम आपल्याला अगदी आजचे आणि कंटाळवाणे वाटते. वास्तविक त्याच्यामागे चारशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे आणि तिचा एक धागा जालन्यातून जातो. आजचा थ्रेड त्या परंपरेविषयी.

२/ सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल फौजा दख्खनेत उतरल्या. अकबराच्या काळी जालना त्याच्या एका सरदाराच्या जहागिरीत होते आणि अबुल फजलचे काही काळ येथे वास्तव्य होते, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. हाच अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’चा कर्ता. दख्खनेतून परतताना १६०२ मध्ये त्याची हत्या झाली.

३/ ‘आईन’मध्ये केवळ महसूल आणि मनसब नाही. सोऱ्याच्या द्रावणात भांडे फिरवून पाणी गार कसे करावे, हेही त्यात आहे. वाळ्याच्या सुगंधी मुळ्यांच्या कुटी बांधून त्यांवर पाणी शिंपडले असता भर उन्हाळ्यात थंडी अवतरते, असे अबुल फजल सांगतो आणि या प्रथेचे श्रेय बादशहाला देतो.

४/ त्यामागील शास्त्र साधे आहे. पाण्याची वाफ होताना ते सभोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जलद आणि गारवा अधिक. म्हणूनच पारा चाळिशी ओलांडतो त्या मराठवाड्यातील वैशाखात ही युक्ती उत्तम चालते. दमट कोकणात मात्र ती जवळजवळ निष्फळ ठरते.

५/ मराठीत या पडद्याला ‘ताटी’ म्हणतात. शब्द जुना आहे. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे तो घरोघरी ठाऊक आहे. दाराला लावायचे विणलेले झडप, हा त्याचा मूळ अर्थ. त्याच झडपेत वाळा भरला, पाणी शिंपडले आणि ती गारव्याचे साधन झाली.

६/ एकोणिसाव्या शतकात जालन्यात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली, अधिकारी इंग्रज. हिंदुस्थानातील अशा छावण्यांच्या बंगल्यांत उन्हाळ्याचा सरंजाम ठरलेला असे : छताला टांगलेला झालरीचा पंखा, त्याची दोरी ओढणारा पंखेवाला, दारात वाळ्याची ताटी आणि पखाल खांद्यावर घेतलेला भिस्ती.

७/ येथे खरा प्रश्न येतो : गारवा निर्माण कोण करीत होते? वाळा की भिस्ती? ताटी थोडा वेळ कोरडी राहिली की तिच्यातून लूच आत येई. धूळ साचली की वारा अडे. सतत ओलसर राहून मुळ्या कुजत, म्हणून ती दर मोसमात नवी बांधावी लागे. साहेबांच्या आठवणींत ताटीचा सुगंध आवर्जून येतो. दिवसभर पाणी मारणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच येते.

८/ याच काळात ‘थर्मॅन्टिडोट’ नावाचे यंत्र प्रचारात आले. लाकडी पेटीत हाताने फिरवायची पाती, पेटीच्या बाजूंना ओल्या ताट्या आणि थंड वारा थेट खोलीत. वर्णन ओळखीचे वाटते ना? हाताच्या जागी विजेची मोटर बसवा, पाणी चढवायला पंप लावा, की आपला कूलर तयार! म्हणूनच की काय, आजही आपल्याकडे कूलरला ‘ताट्या’च बसवतात.

९/ कूलर घरी आला आणि भिस्ती गेला. त्याचे काम मात्र आपल्याकडे आले. बोअरचे जड पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार ताट्यांवर पांढऱ्या थरासारखे साठतात. टाकीतील साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा पाळायचा, त्याचे कारण हेच. त्या दिवशी टाकी रिकामी करून आतून घासायची, कारण अंडी भिंतीला चिकटून राहतात.

१०/ एसीची कुळकथा निराळी आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आकसे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील ओलावा काढण्याची योजना आखली. म्हणजे आधुनिक वातानुकूलन प्रथम माणसासाठी नव्हे, तर कागदासाठी अवतरले!

११/ ताटी हवेत पाणी मिसळते. एसी हवेतून पाणी काढतो. म्हणून त्याच्या नळीतून थेंब पडतात. जाळी धुळीने भरली की नळ्यांवरून पुरेशी हवा जात नाही, त्या गोठून त्यांवर बर्फ धरतो. बाहेरील यंत्रावर धूळ बसली की खोलीतील उष्णता बाहेर टाकता येत नाही, कॉम्प्रेसर दमतो आणि वीजबिल चढते. निचऱ्याची नळी तुंबली की पाणी भिंतीवर उतरते.

१२/ ही हेळसांड किती महाग पडू शकते? १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यानंतर अनेकांना विचित्र न्यूमोनिया झाला आणि त्यात २९ माजी सैनिक दगावले. पुढील वर्षी जिवाणू सापडला, त्याचे नाव लिजिओनेला. संशयाची सुई हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेकडे वळली. मोठ्या इमारतींच्या शीतकरण मनोऱ्यांतील पाण्यात हा जिवाणू वाढतो, हे पुढे सिद्ध झाले. घरच्या एसीला असा मनोरा नसतो, त्यामुळे ही भीती तेथे लागू नाही. परंतु ओल आणि धूळ एकत्र आली की बुरशी धरतेच, आणि दमेकऱ्याला तेवढेही पुरते.

१३/ मग करावे काय? गुढीपाडव्याच्या सुमारास, यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी, जाणकाराकडून आतील नळ्या, निचरा आणि बाहेरील यंत्र साफ करून घ्यावे. हंगामात दर पंधरवड्याला वीज बंद करून जाळी धुवावी व सावलीत वाळवून बसवावी. घर रस्त्यालगत किंवा कारखान्याजवळ असेल तर त्याहून लवकर. एक गैरसमजही दूर करावा : एसीतील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती आधी बुजवावी, मग गॅस भरावा.

१४/ आणि नळीतून पडणारे पाणी? २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या जालनेकरांना ते वाया घालवू नका, हे सांगायला नको. ते पिण्याजोगे नसते. फरशी पुसायला मात्र चालते.

१५/ अबुल फजलने गारव्याचे श्रेय बादशहाला दिले, आपण ते यंत्राला देतो. दोन्ही वेळी पाणी मारणारा, धूळ झटकणारा हात नोंदीबाहेर राहतो. पुढच्या वेळी जाळी धुताना त्या अनामिक भिस्त्याची आठवण ठेवा. त्याचेच काम आज आपल्याकडे आले आहे.

तुमच्या घरी वाळ्याच्या ताटीची, जुन्या पंख्याची वा पहिल्या कूलरची काही आठवण असेल तर खाली अवश्य लिहा. आजी-आजोबांना विचारून लिहिलीत तर अधिकच उत्तम.