गाजर गवत आणि इसबाची साथ : पुण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाचा माग

पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर गाजर गवत कसं दिसतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चाकण एमआयडीसीतला रिकामा प्लॉट, लोहमार्गाच्या कडेची पट्टी, पवनेचा काठ, बांधकामासाठी आणून टाकलेला मातीचा ढीग. पहिला पाऊस पडला की महिन्या-दीड महिन्यात तिथं गाजराच्या पानांसारखी पानं आणि वर बारीक पांढरी फुलं. कुणी याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी पांढरी फुली, तर कुणी चटक चांदणी. वनस्पतिशास्त्रातलं नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. खरं तर हे गवत नाहीच, सूर्यफूल आणि शेवंती यांच्या कुळातलं झाड आहे.

माझं संशोधन वैद्यकाच्या इतिहासावर आहे, शेतीवर नाही. मग हे तण माझ्या टिपणवहीत कसं आलं? कारण माझा प्रश्न साधा आहे : एखादा आजार ‘आजार’ म्हणून ओळखला जातो तो नेमका कधी? माणसं खाजवत असतात, रात्र रात्र झोपत नाहीत, वैद्य-डॉक्टर बदलत असतात. पण या सगळ्यांचा त्रास एकच आहे आणि त्याचं कारणही एकच आहे, हे कोण म्हणतं आणि कशाच्या जोरावर? गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीबाबत याचं उत्तर पुण्यात सापडतं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू

‘अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हाबरोबर हे बी आलं’ हे तुम्ही नक्की ऐकलं असेल. पाठ्यपुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे हेच वाक्य असतं. आता तारखा मांडून बघू. पीएल-४८० हा अमेरिकी कायदा १९५४ चा, आणि त्याखालचा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पण पुण्यात उकिरड्यांवर उगवलेली ही झाडं प्रा. परांजपे यांनी १९५१ मध्येच पाहिल्याची नोंद आहे. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून ती प्रसिद्ध केली. म्हणजे करारातला गहू बंदरात उतरायच्या आत झाड पुण्यात हजर होतं!

बरं, ‘नवी नोंद’ हेही पूर्ण खरं नव्हे. रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्ता वनस्पती उद्यानाच्या यादीत हे नाव आढळतं. मग पुण्यात ते आलं कुठून? धान्यातून आलं असेल, तर ते आधीच्या धान्यातून. १९५१ मध्येच अमेरिकेनं भारताला गव्हासाठी मोठं कर्ज दिलं होतं आणि परदेशी धान्य त्याआधीही येतच होतं. म्हणून ‘धान्याबरोबर आलं’ हे शक्य आहे, पण ‘पीएल-४८० बरोबर आलं’ हे कालक्रमात बसत नाही. लोकांच्या मनात मात्र सरकार, रेशनचा गहू आणि हे तण यांची गाठ अशी पक्की बसली की नावच काँग्रेस गवत पडलं.

एकाच परिसरात दोन अ‍ॅलर्जी

पुढं जाण्याआधी अ‍ॅलर्जीबद्दल थोडं. हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. आपण तो सर्रास वापरतो, पण त्यात निदान दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि दोन्हींची उदाहरणं आपल्याच परिसरात आहेत.

पहिलं उदाहरण पेनिसिलिनचं. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती, आणि १९५५ पासून तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिनची तीव्र रिअ‍ॅक्शन येते ती काही मिनिटांत. अंगावर गांधी उठतात (घरी आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो), श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून तर इंजेक्शनआधी टेस्ट डोस देऊन थांबायची पद्धत पडली. इथं कारण आणि परिणाम इतके जवळजवळ असतात की कुणालाही त्यांचा संबंध दिसतो.

गाजर गवताचं तसं नाही. त्याची त्वचेवरची अ‍ॅलर्जी मंदगतीची असते. शरीरातल्या टी-पेशी आधी त्या रसायनाची ‘ओळख’ करून घेतात, त्याला कधी महिने तर कधी वर्षं जातात. त्यानंतर झाडाशी संबंध आला की एक-दोन दिवसांनी त्वचा लाल होते, खाज सुटते, पाणी सुटतं, मग ती जाड आणि काळी पडते. सोमवारी शेतात गेलेल्या माणसाला बुधवारी खाज सुटली, तर तो बुधवारी खाल्लेल्या वांग्याला दोष देणार! जेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये अ‍ॅलर्जीचे चार प्रकार मांडले. त्यात पेनिसिलिनची ही तातडीची रिअ‍ॅक्शन पहिल्या प्रकारात येते आणि गाजर गवताचं इसब चौथ्यात.

आणखी एक गोम आहे. इसब यायला झाडाला हात लावावाच लागतो असं नाही. वाळलेल्या झाडाचा चुरा, पानांवरचे सूक्ष्म केस आणि परागकण हवेतून येऊन उघड्या त्वचेवर बसतात. म्हणून पुरळ पापण्यांवर, मानेवर, कानांमागं, कोपराच्या खोबणीत उठतं. उन्हानं ते वाढतं. मग डॉक्टरलाही वाटू शकतं की हा उन्हाचाच विकार आहे.

डॉ. लोणकर काय करत होते?

१९६० च्या दशकात पुण्यात दोन गोष्टी समांतर घडत होत्या. वनस्पतिशास्त्रज्ञांना झाड पसरताना दिसत होतं. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे व्ही. डी. वर्तक यांनी १९६८ मध्ये, हे तण महाराष्ट्रातली पिकं आणि कुरणं यांना धोका आहे, असा इशारा देणारा लेख लिहिला. आणि पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडं हटवादी इसबाचे रुग्ण येत होते. या दोन्हींना जोडणाऱ्यांमध्ये डॉ. लोणकर यांचं नाव सातत्यानं येतं.

त्यांचं चरित्र मला इथं लिहायचं नाही. मी बघते आहे ती त्यांच्या लेखांची शीर्षकं आणि सहलेखकांची नावं, कारण एक प्रश्न कसा मोठा होत गेला हे त्यांत स्पष्ट दिसतं.

१९७२ : लोणकर आणि जोग यांची एक छोटी नोंद, संपर्कजन्य त्वचादाहाला वाहिलेल्या एका वार्तापत्रात. शीर्षकातच ‘साथ’ हा शब्द आहे. त्यावर थांबून विचार करा. साथ म्हटलं की आपल्याला पटकी, प्लेग, देवी आठवतात. अ‍ॅलर्जी तर संसर्गजन्य नाही, मग साथ कशी? रोग माणसाकडून माणसाकडे जात नव्हता, पण झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी जात होतं. साथ झाडाची होती, माणसांची त्वचा तिचा हिशोब दाखवत होती.

१९७४ : लंडनच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलच्या त्वचारोग संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर लेख. सहलेखक व्हँकूव्हरचे जॉन मिचेल आणि लंडनचे चार्ल्स कॅलनन, म्हणजे संपर्कजन्य त्वचादाहातली त्या काळातली दोन मोठी नावं. पुण्याचा रुग्ण आता जगाच्या वैद्यकात पोचला.

१९७६ : झाडातल्या अ‍ॅलर्जीकारक द्रव्यावरचा लेख. इथं सहलेखकांत बी. ए. नागसंपगी आहेत, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ. याच सुमारास इथल्या आणि अमेरिकेतल्या कामातून ‘पार्थेनिन’ हे द्रव्य मुख्य दोषी म्हणून पुढं आलं.

बघा, चार वर्षांत दवाखाना, परदेशातले तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा एकाच धाग्यात आले. आणि त्यांचं मुख्य हत्यार काय, तर पॅच टेस्ट. ही १८९० च्या दशकात यादासोन यांनी आणलेली चाचणी. झाडाचा अर्क पट्टीवर घेऊन पाठीवर चिकटवायचा, दोन दिवसांनी पट्टी काढून बघायचं, पुन्हा दोन दिवसांनी बघायचं. स्वस्त, साधी, पण चिकाटी मागणारी. रुग्णानं परत यायला हवं. ज्याची दिवसाची मजुरी बुडते तो चार दिवसांत तीन फेऱ्या मारेल का? त्या काळातली प्रत्येक नोंद म्हणजे परत आलेल्या माणसाची नोंद आहे. न आलेल्यांचा इतिहास माझ्या हाती लागत नाही.

निदान झालं, पुढं काय?

अ‍ॅलर्जीवर डॉक्टरांचा पहिला सल्ला असतो : त्या वस्तूपासून लांब राहा. वांगं सोडता येतं, घड्याळाचा पट्टा बदलता येतो. पण एका झाडाला हजारो बिया, त्या वाऱ्यानं, पाण्यानं, ट्रकच्या चाकांतल्या चिखलानं, भरावाच्या मातीनं फिरणार. त्यापासून लांब जायचं कुठं? ज्या शेतकऱ्याचं पोट त्याच बांधावर आहे त्याला ‘शेतात जाऊ नका’ हा सल्ला म्हणजे औषध नव्हे, बेरोजगारी आहे. स्टिरॉइडनं आराम पडतो, पण वर्षानुवर्षं घेतल्यास त्याचीच किंमत मोजावी लागते. १९९८ मध्ये डॉ. व्ही. के. शर्मा आणि सहकाऱ्यांनी अझाथायोप्रिन या औषधाचा उपयोग दाखवला. जुनाट रुग्णांना तो मोठा आधार ठरला, तरी त्यासाठी नियमित रक्ततपासणी हवीच.

झाडाच्या बाजूनंही प्रयत्न झाले. कर्नाटकनं १९७५ मध्ये त्याला कायद्यानं उपद्रवी तण ठरवलं. मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा आणून, तपासून, १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडला. तो पानं खातो. आज दर ऑगस्टमध्ये जबलपूरच्या तणविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं देशभर जागृती सप्ताह होतो.

आता या सगळ्यातला मला टोचणारा भाग. ‘गाजर गवत निर्मूलन’ म्हटलं की आपल्याकडं श्रमदान ठरलेलं. शाळेची मुलं, एनएसएसचं शिबिर, कंत्राटी सफाई कामगार. फुलावर आलेलं झाड उघड्या हातांनी उपटायचं, कवेत घेऊन ढिगावर टाकायचं. या अ‍ॅलर्जीचं शास्त्र पुण्यात लिहिलं गेलं त्याला पन्नास वर्षं झाली. वारंवार आणि दीर्घकाळच्या संपर्कातून शरीर या द्रव्याची ओळख करून घेतं, हे आपल्याला माहीत आहे. तरी रोज तण काढणाऱ्याच्या हातात मोजे नसतात. ज्ञान नियतकालिकातून चाकणच्या प्लॉटपर्यंत पोचायला झाडाच्या बियांइतका वेग मिळालेला नाही.

म्हणून दोन विनंत्या. तुमच्या सोसायटीत किंवा कंपनीच्या आवारात हे तण काढायचं असेल तर फुलं येण्याआधी, ओल्या जमिनीत, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून मुळासकट काढायला सांगा. मोजे तुम्हीच आणून द्या, काही महाग नसतात. आणि ज्याला आधीच इसबाचा त्रास आहे त्याला या कामाला लावू नका.

दुसरी विनंती माझ्या स्वार्थाची. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, भोसरी, चिखली, मोशी, चऱ्होली अशा गावांत वाढलेलं, तर त्यांना विचारा : हे झाड पहिल्यांदा कधी पाहिलं? तेव्हा त्याला काय म्हणायचे? गावात कुणाला ‘उन्हाचं इसब’ होतं का? दवाखान्यात परत न आलेल्या माणसांपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.