हत्यारातला हात

दहिसरच्या आमच्या घरात चार वर्षांचा नातू पक्कड, पाना, हातोडी या सगळ्यांना एकच नाव देतो: 'हत्यारं'. परवा शेजारच्या काकूंनी त्याला टोकलं, "हत्यारं नाही रे बाळा, टूल्स म्हणावं." हत्यार म्हटलं की पुष्कळांना हत्या ऐकू येते. पण या दोन शब्दांचं काही नातं नाही. हत्या ही संस्कृत 'हन्' धातूची, हत्यार हाताचं. हिंदी-गुजरातीत ते 'हथियार' असतं, आणि तिथला 'थ' मराठीत 'त' होतो. हाथचा हात, हथौडीची हातोडी, तसंच हथियारचं हत्यार. आजही सुतार "हत्यारं घेऊन येतो" म्हणतो, तेव्हा त्याच्या पिशवीत पटाशी न् रंधाच असतो. पोराचा शब्द अस्सल आहे. तो कुणी मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

करवतीतही हात आहेच. संस्कृत 'करपत्र', प्राकृत 'करवत्त', मग करवत: हाताचं पातं. पातंही त्याच 'पत्रा'तून, म्हणजे पानातून आलेलं. सांडशी मात्र दातांची. मूळ 'संदंश', दोन्हीकडून घट्ट चावणारी. रंधा फारसी 'रंदा'वरून आला आणि इथलाच झाला.

नातवाचा सगळ्यांत लाडका डिसमिस. स्क्रू-ड्रायव्हरला मुंबईत कारागीर हेच म्हणतात, गुजराती शेजारीही. हिंदीत तो पेचकस. त्यातला पेच फारसी. अर्थ पीळ, वळसा. मराठीने या एका पेचाला किती कामाला लावलं! पगडीचा पेच, पतंगांचा पेच, कुस्तीतले डावपेच, आणि माणूस अडकतो तोही पेचच. कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळताना पोरगं जीभ बाहेर काढतं आणि मनगटाऐवजी अख्खं अंग वळवतं. टोक खाचेतून घसरलं की न चिडता पुन्हा बसवतं, या खेपेला दुसऱ्या हाताचा अंगठा टेकवून. पीळ म्हणजे काय, हे त्याला शब्दाच्या आधी कळलंय.

हत्यार कुणाला देताना पातं आपल्याकडे, मूठ समोरच्याकडे, ही आमच्या घरची जुनी शिस्त. मूठ म्हणजे 'मुष्टि'. धरणाऱ्या हाताचं नावच धरायच्या जागेला मिळालं.

आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. खंडा म्हणजे तलवार, मूळ 'खड्ग'. दिवस शस्त्रपूजेचा; पण ज्यांच्या घरी तलवार नव्हती त्यांनी पाटावर विळा, करवत, वाकस मांडली आणि दिवस आपला केला. हत्यार शब्दाचे दोन्ही अर्थ त्या पाटावर शेजारी बसतात. आमच्याकडे तिथे पक्कड आणि डिसमिसलाही हळदकुंकू लागतं, आणि आज त्यांना हात लावायचा नाही हे नातवाला पटवता पटवता घरातली सगळी मोठी माणसं थकतात.