माझं मत कुठं ठेवलंत?

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतले शिंपी अण्णा नगरपालिकेत निवडून आले होते. त्यांच्या प्रचारासाठी अब्बांनी पायाला भिंगरी बांधली होती. पुढे नगराध्यक्षाच्या निवडणुकीआधी अण्णा आठ दिवस दिसेनात. काकू म्हणायच्या, "बाहेरगावी गेलेत." परतले ते मनगटावर नवं घड्याळ घालून, आणि नगराध्यक्ष झाला तो समोरच्या गटाचा. अब्बा पायजमा शिवायला टाकायच्या निमित्तानं गेले आणि एवढंच विचारलं, "अण्णा, माझं मत कुठं ठेवलंत?" अण्णा मशीन जोरजोरात चालवू लागले.

हा प्रश्न देशाला १९६७ मध्ये पडला होता. हरियाणात गयालाल नावाच्या आमदारानं पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि 'आया राम, गया राम' हा शब्दप्रयोग जन्माला आला. आपण अजून त्यावर हसतो. पण गयालाल एकटे नव्हते. लोकसभेत ठराव झाला, समिती नेमली गेली, आणि अध्यक्ष होते त्या वेळचे गृहमंत्री, आपले यशवंतराव चव्हाण. समितीनं मोजदाद केली, तेव्हा एका वर्षात पक्षांतराच्या ४३८ घटना निघाल्या. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. काही राज्यांतल्या २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले होते!

म्हणजे रोग कुठं होता ते कळलं होतं. तो खुर्चीत होता. म्हणून समितीनं १९६९ मध्ये औषधही खुर्चीवरच सुचवलं : पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर, किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद देऊ नका, आणि मंत्रिमंडळं आटोपशीर ठेवा. मला ही शिफारस फार शहाणपणाची वाटते. माणसाला मत बदलू द्या, फक्त त्याचं बक्षीस मिळू देऊ नका.

त्याच वर्षी एक गंमत झाली. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या म्हणून सांगितलं. स्वतःच्या पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले. विवेकाचा आवाजही वरून सांगितल्यावर उठतो, हे तेव्हा दिसलं. त्यामुळे विवेकाचं नाव घेणाऱ्या प्रत्येकाला मी साधू मानत नाही.

चव्हाण समितीचं औषध कपाटातच राहिलं. १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती आली, ती निराळंच औषध घेऊन. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, तर सदस्यत्वच जाणार. एकट्यानं विरोध केला तर घरी. एक तृतीयांश जणांनी मिळून पक्ष फोडला तर मात्र अभय. किरकोळ विक्री बंद, घाऊक चालू! पक्षादेश हा आपला सभ्य शब्द. इंग्रजीतला 'व्हिप' म्हणजे सरळ चाबूक.

त्या चाबकाचा आवाज आमच्या घरात पुढच्याच वर्षी ऐकू आला. तलाक झालेली माझी फूफी आमच्याकडे राहायची. शाहबानोच्या पोटगीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा तिनं कधी नव्हे ते पेपर वाचून दाखवायला सांगितलं होतं. मग तो निकाल निष्प्रभ करणारं विधेयक आलं. आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपद सोडलं. १९८६ च्या मे महिन्यात काँग्रेसनं पक्षादेश काढला आणि विधेयक लोकसभेत मंजूर झालं. फूफीनं मला विचारलं, "इतक्या सगळ्यांना हे पटलं?" मी गप्प बसलो. आजही, त्या दिवशी हो म्हणणाऱ्यांत कुणाला पटलं होतं आणि कुणाला खासदारकीची काळजी होती, हे इतिहास लिहिणाऱ्याला सांगता येणार नाही. आधी मतदानाच्या नोंदीवरून माणूस थोडा तरी वाचता यायचा. आता तिथं फक्त पक्ष वाचता येतो.

१९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला; पण पक्षादेशाची सक्ती सरकारच्या विश्वासापुरती आणि पक्षाच्या मूळ धोरणापुरती असावी, असंही सुचवलं. ते सुचवणंच राहिलं. २००३ मध्ये एक तृतीयांशाची पळवाट बुजवली, मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, पक्षांतर करून अपात्र ठरलेल्याला मंत्रिपदाची दारं बंद केली. म्हणजे यशवंतरावांचं औषध चौतीस वर्षांनी मिळालं. पण मतावरची बेडी तशीच ठेवून. आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उघडी ठेवून.

महाराष्ट्रात १९८६ च्या कायद्यानं हीच शिस्त नगरपालिकांनाही लागली. अण्णांना ती बातमी अब्बांनीच सांगितली. अण्णा तोंडातली टाचणी काढत म्हणाले, "बरं झालं. आता पक्ष म्हणेल तिकडं हात वर. डोक्याला ताप नाही." अब्बांना ते घड्याळापेक्षा जास्त लागलं असावं, कारण पुढची ईद आली तरी त्यांनी कपडे दुसरीकडे शिवायला दिले.

२०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे आमदार आधी सुरतला आणि मग गुवाहाटीच्या हॉटेलात होते. टीव्हीवर दिवसभर त्या हॉटेलाचं फाटक दिसायचं. थकलेले अब्बा पलंगावरून मान उचलून बघत होते. म्हणाले, "चष्मा दे रे. आपला अण्णा दिसतोय का बघू."