मंथरेची पाठ

शरीरातील व्यंग हे मनातील व्यंगाचे चिन्ह होय, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. रामायणातील मंथरा कुबडी, आणि कैकेयीचे कान भरणारीही तीच. या समजुतीच्या दुसऱ्या टोकास कूर्मदासाची कथा आहे. हातपाय नसलेला हा पैठणचा भक्त लोळत लोळत पंढरीस निघाला, आणि लऊळापुढे त्याच्याने जाववेना तेव्हा खुद्द विठ्ठल त्याच्या भेटीस आला, असे संतचरित्रे सांगतात. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका हे सारे येतात. परंतु तेथे ते रूपक म्हणून येतात. सारांश, आपल्या वाङ्मयात अपंग मनुष्य दुष्ट म्हणून आला, ईश्वरी कृपेचा धनी म्हणून आला, दृष्टान्त म्हणून आला. आपला शेजारी म्हणून मात्र तो क्वचितच आला.

हा वारसा चित्रपटाने आणि त्यामागून दूरचित्रवाणीने जसाच्या तसा उचलला. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण एका मराठी अभिनेत्रीच्याच आयुष्यात सापडते. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार आरंभी नायिकेच्या भूमिका करीत असत. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहकलावंताची थप्पड प्रमाणाबाहेर जोरात बसली, चेहऱ्याच्या स्नायूंना पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. काम करीत असता झालेली ही इजा. अन्य कोणत्याही धंद्यात तिला अपघात म्हटले असते. पडद्याने मात्र तिच्यातून खाष्ट सासू आणि कपटी स्त्री निर्माण केली. बाईंच्या सामर्थ्याविषयी शंका नाही. १९५९ च्या 'अनाडी'मधील मायाळू मिसेस डिसा त्यांनीच उभी केली, तीही त्याच डोळ्याने. तरीसुद्धा १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली तेव्हा मंथरेसाठी त्यांचीच निवड झाली, आणि कोट्यवधी प्रेक्षकांस त्यात काही वावगे वाटले नाही. पुढील वर्षी आलेल्या महाभारतात शकुनी लंगडत लंगडतच रंगमहालात शिरला. मुले घरोघरी ती चाल करून दाखवू लागली. ज्या घरात खरोखरच कोणी लंगडत चालत असेल, तेथे त्या दिवसांत काय झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

या प्रवाहाविरुद्ध जाणारे कोणी नव्हतेच असे नाही, आणि त्यांतही मराठी नाव अग्रभागी आहे. दूरदर्शनच्या दिल्ली केंद्रात काम केलेल्या सई परांजपे यांनी 'स्पर्श' हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्याचा नायक अनिरुद्ध अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे. तो मानी आहे, चिडखोर आहे, प्रेमात पडतो आणि चुकतोही. दया त्याला नको असते. अंध मनुष्यास स्वभाव असू शकतो, ही साधी गोष्ट पडद्यावर यावयास इतकी वर्षे लागली!

आम्ही सध्या म्हैसूरच्या चामराजपुरम भागात वास्तव्यास आहो. या नगराचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. १९३५ मध्ये प्रा. गोपालस्वामी यांनी येथे खाजगी नभोवाणी केंद्र चालू केले. 'आकाशवाणी' हे नाव त्याचेच. नभोवाणीपुढे अंध आणि डोळस समान होते, बहिरा तेवढा बाहेर राहिला. दूरचित्रवाणी आली तेव्हा हा अन्याय दूर होण्याचा संभव होता, कारण आता चित्र होते. परंतु दूरदर्शनचा आरंभ १९५९ चा आणि कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेतील बातमीपत्र १९८७ चे. मधली अठ्ठावीस वर्षे बहिऱ्या प्रेक्षकाने नुसते हलणारे ओठ पाहिले. याच म्हैसुरात मुक्या-बहिऱ्यांची आणि अंधांची शाळा १९०१ पासून होती, आणि साठच्या दशकात केंद्र सरकारची वाक्-श्रवण संस्थाही मानसगंगोत्रीच्या परिसरात उभी राहिली. तेव्हा ज्ञानाची वाण होती असे म्हणता येत नाही. त्या प्रेक्षकाची गणतीच कोणी केली नव्हती.

ही गणती कायद्याने करावी लागली, आणि तेथे आपल्या कारकुनी जगाचा संबंध येतो. १९७७ मध्ये केंद्र सरकारने क आणि ड वर्गांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या. १९९५ च्या कायद्याने त्यास बळकटी आणली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले आणि राखीव जागा चार टक्के केल्या. मध्यंतरी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की, ही टक्केवारी केवळ 'योग्य' ठरविलेल्या पदांवर न काढता एकंदर रिक्त जागांवर काढावयाची आहे. पडद्याविषयीचा निर्णय ८ जुलै २०२४ रोजी आला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. पारडीवाला यांनी एका चित्रपटाच्या निमित्ताने अपंगांच्या चित्रणाबद्दल तत्त्वे घालून दिली. अपंगत्व समजावून देणारा विनोद निराळा आणि अपंगास हिणविणारा विनोद निराळा, हा विवेक त्यांनी केला. आणि अपंगांविषयी जे काही रचावयाचे ते त्यांना सहभागी करून रचावे, असे सुचविले.

परप्रांतात चाकरीस असलेल्या आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावरून अशा जागांच्या नस्ती जातात. 'सदर पदास अनुरूप नाही' हा शेरा लिहावयास अर्धी ओळ पुरते. तो लिहिताना डोळ्यांपुढे समोरच्या उमेदवाराचे काम असते, की बालपणापासून पाहिलेली मंथरेची पाठ आणि शकुनीची चाल असते, हे ज्याचे त्याने तपासावे. शंका असेल तर उमेदवारास बोलावून, काम कसे कराल, कशाची सोय लागेल, एवढे विचारावे आणि त्याचे उत्तर नस्तीत नोंदवावे. नियमांस ते धरूनच आहे.