मूत्राशयातील खड्यावरील लेसर उपचार

लघवीच्या वाटेने दुर्बीण आत नेऊन मूत्राशयातला खडा लेसरने फोडण्याची आणि त्याचे तुकडे धुऊन बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया. पोटावर छेद नाही, टाके नाहीत.

मुतखडा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मूत्रपिंडातला खडा येतो. मूत्राशयातल्या खड्याची गोष्ट वेगळी आहे. काही वेळा मूत्रपिंडातला खडा खाली उतरून मूत्राशयात अडकतो. पण मोठ्या माणसांत हा खडा बहुधा तिथेच धरतो, कारण लघवी पूर्ण होत नाही. उतारवयातल्या पुरुषांत प्रोस्टेट वाढून मूत्रमार्गावर दाब येतो, लघवी मागे उरते आणि तिच्यातले क्षार साचत जातात. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना आणि दीर्घकाळ कॅथेटर असलेल्यांनाही हा त्रास होतो. जेवणात नुसते धान्य, दूधदुभते जवळपास नाही आणि पाणी कमी, अशा गरीब घरांतल्या लहान मुलांना तर प्रोस्टेटचा संबंध नसतानाही असे खडे होतात. लघवीची धार चालता चालता मध्येच तुटते, कूस बदलल्यावर पुन्हा सुरू होते, शेवटी शेवटी रक्त दिसते. खडा बहुतेक वेळा सोनोग्राफीत सापडतो. युरिक आम्लाचा खडा मात्र साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही.

लेसर नवा, रोग फार जुना. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला सातवा अध्याय अश्मरीवर, म्हणजे मुतखड्यावरच आहे. शस्त्रक्रियेतला जीवाचा धोका ओळखून आधी राजाची अनुमती घ्यावी, असे सुश्रुत सांगतो. खड्याचा बारीकसा चुराही आत राहू देऊ नये, कारण तो पुन्हा वाढतो, हीही त्याचीच ताकीद. पॅरिसमध्ये झां सिव्हियाल यांनी 1824 साली मूत्रमार्गातून अवजार घालून, कुठेही न कापता खडा फोडून दाखवला. पण तुकडे आपोआप पडण्याची वाट पाहावी लागे. 1878 साली अमेरिकेतल्या बिगेलो यांनी खडा फोडायचा आणि त्याच बैठकीत सगळा चुरा ओढून काढायचा, अशी पद्धत रूढ केली. होळकरांच्या इंदूरमध्ये रेसिडेन्सी सर्जन असलेल्या कीगन यांनी ती लहान मुलग्यांवर वापरली. मुलांच्या अरुंद मूत्रमार्गात हे जमणार नाही, अशी तेव्हाची समजूत होती. ती इंदुरात मोडली गेली, याची नोंद आपल्याकडे व्हायला हवी तितकी झालेली नाही.

पहिला लेसर 1960 सालचा, माणकाचा. त्याने खडा फुटत होता, पण उष्णता इतकी की माणसाच्या शरीरात तो वापरणे शक्य नव्हते. खरा बदल 1990च्या दशकात होल्मियम लेसरने घडवला. त्याची तरंगलांबी सुमारे 2,100 नॅनोमीटर असते आणि पाणी हे किरण झपाट्याने शोषते. लेसर वाहून नेणाऱ्या तंतूच्या टोकाशी क्षणभर वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि त्या बुडबुड्यातून ऊर्जा खड्यावर पोहोचते. टोक मूत्राशयाच्या भिंतीपासून काही मिलिमीटर दूर असले, तर भिंतीला सहसा धक्का लागत नाही. कठीण असो वा मऊ, सर्व प्रकारचे खडे याने फुटतात. अलीकडे आलेल्या थुलियम फायबर लेसरची तरंगलांबी सुमारे 1,940 नॅनोमीटर असून त्याने भुगा अधिक बारीक होतो.

शस्त्रक्रिया बहुधा कमरेत भुलीचे इंजेक्शन देऊन होते. दुर्बिणीतून सलाइनचा प्रवाह अखंड चालू असतो आणि अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा तंतू खड्याला टेकवलेला असतो. पडद्यावर लेसरचा मार्गदर्शक ठिपका खड्याच्या कडेवर स्थिरावतो, पायाखालचे पेडल दाबताच टकटक सुरू होते आणि चुऱ्याने पाणी गढूळ होते. थोडे थांबून, पाणी निवळल्यावर पुन्हा सुरुवात. शेवटी रबरी फुगा दाबत-सोडत पाणी आत-बाहेर खेळवले जाते, तेव्हा तुकडे फुग्याला जोडलेल्या काचपात्राच्या तळाशी जमतात. मूत्राशयाचा कोपरान्‌कोपरा पाहून झाल्यावर कॅथेटर घालतात. नुसता खडाच काढला असेल, तर कॅथेटर साधारण एक-दोन दिवसांत निघतो.

फार मोठ्या किंवा अनेक खड्यांसाठी ओटीपोटावरच्या लहान छिद्रातून जाणे किंवा उघडी शस्त्रक्रिया करणे अजूनही सोयीचे ठरू शकते. होल्मियमने युरिक आम्लाचा खडा फोडताना अल्प सायनाइड तयार होते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत सतत वाहणाऱ्या पाण्यामुळे त्याचा उपद्रव झाल्याचे आढळत नाही. लघवीत जंतुसंसर्ग असेल, तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो.

जाहिराती लेसरचे गुण गातात, पण लघवी का तुंबते हे शोधले नाही, तर नवा खडा धरायला वाट मोकळीच राहते. म्हणूनच अनेकदा त्याच बैठकीत प्रोस्टेटचीही शस्त्रक्रिया केली जाते, कधी त्याच लेसरने. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना खडा कशामुळे झाला, हे जरूर विचारावे. निघालेले तुकडे तपासणीला पाठवावेत आणि पुढे सोनोग्राफी करून, लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते, ते मोजून घ्यावे.