सुईच्या लेसचें सूत

मंदिराचा महोत्सव आला म्हणजे ज्यांनीं पाया घातला, घंटा आणविली, घुमट चढविला त्यांचीं नांवें आपण कृतज्ञतेनें घेतों, व तें योग्यच आहे. परंतु वेदीवस्त्राच्या कांठीं जी लेस असते ती कोणत्या सुताची, हा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः ह्या लहानशा प्रश्नांत ख्रिस्तसभेच्या नियमांचा, यंत्रांचा व उपाशी माणसांचा असा तिहेरी इतिहास गुंतलेला आहे. तो येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम सुईची लेस म्हणजे काय तें पाहूं. क्रोशाच्या कामास आंकडी लागते. बॉबिनच्या लेसला उशी, टांचण्या व अनेक सुतें लागतात. सुईच्या लेसला सुई आणि दोरा एवढेंच पुरतें. चर्मपत्रावर किंवा जाड कागदावर नक्षी काढून तिच्या रेषांवर दोरे टांचावयाचे, व त्यांच्या आधारानें काजाच्या टाक्यांनीं मधली जागा भरीत जावयाचें. काम पुरें झालें कीं टांचण कापून कागद दूर करावयाचा. मागें कापड असें कांहींच राहत नाहीं, केवळ टाके राहतात. सोळाव्या शतकांत ही कला व्हेनिस शहरांत भरास आली, तेव्हां तेथील लोकांनीं तिला ‘पुंतो इन आरिया’, म्हणजे ‘हवेंतील टाका’, असें नांव दिलें. ज्या कामास कापडाचा आधार नाहीं त्याचें सारें बळ सुतांतच असलें पाहिजे, हें उघड आहे.

त्या काळीं हें सूत लिननचें असे. लिनन जवसाच्या खोडाच्या वाखापासून निघतें. त्याचा धागा लांब, गुळगुळीत व सतेज असतो, आणि भिजल्यावर अधिकच बळकट होतो. परंतु कोरड्या हवेंत अति बारीक धागा कांततांना तुटतो. म्हणून फ्लँडर्स प्रांतांत लेसचें उत्तम सूत दमट तळघरांत बसून कांतीत असत. अशा श्रमाच्या सुताची किंमतही तशीच भारी असे.

ख्रिस्तसभेनेंही वेदीसाठीं लिननलाच मान दिला. प्रभूचें शरीर ज्या वस्त्रांत गुंडाळून कबरेंत ठेविलें त्यास आपल्या मराठी शास्त्रांत तागाचें वस्त्र म्हटलें आहे, तें हेंच. कॉर्पोराल, वेदीवस्त्र, आल्ब हीं लिननचीं किंवा भांगेच्या वाखाचींच असावीं, इतर कापड कितीही स्वच्छ व तलम असलें तरी चालणार नाहीं, असा निर्णय रोमच्या विधिमंडळानें १५ मे १८१९ रोजीं दिला. आज मिस्साग्रंथाच्या सामान्य सूचनेंत वेदीवर निदान एक शुभ्र वस्त्र असावें एवढेंच सांगितलें आहे. धाग्याची जात सांगितलेली नाहीं.

मध्यंतरीं यंत्रें आलीं होतीं. १७७९ सालीं इंग्लंडांत सॅम्युएल क्रॉम्प्टन ह्यानें ‘म्यूल’ नांवाचें कांतण्याचें यंत्र तयार केलें, व कापसाचें बारीक, एकसारखें सूत निघूं लागलें. लिननचें तेज व टणकपणा त्यास नव्हता. पण तें समान होतें, मऊ होतें, आणि मुख्य म्हणजे स्वस्त होतें. एकोणिसाव्या शतकांत लेस करणारांच्या हातीं हेंच सूत अधिकाधिक येऊं लागलें.

ह्या स्वस्ताईचें मोल आयर्लंडांत कळलें. १८४५ सालीं तेथें बटाट्यावर रोग पडला, व पुढील वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं. कॉर्क परगण्यांतील यॉल ह्या गांवीं प्रेझेंटेशन संघाच्या धर्मभगिनींचा मठ होता. तेथील मदर मेरी ॲन स्मिथ ह्यांच्या हातीं जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा आला. शिकविणारें कोणी नव्हतें. त्यांनीं तो टाक्यामागून टाका उसवीत त्याची रीत शोधून काढिली, व ती मठाच्या शाळेंतील मुलींना शिकविली. १८५२ सालीं तेथें लेसची स्वतंत्र शाळा निघाली. नमुना इटलीचा होता, पण यॉलची लेस कापसाच्या बारीक सुताची झाली.

वेदीवर लिननचा नियम पाळणाऱ्या भगिनींनींच मुलींच्या हातीं कापसाचें सूत दिलें, ह्यांत मला विरोध दिसत नाहीं. तें वस्त्र प्रभूच्या शरीरासाठीं होतें, आणि हें सूत त्याच्याच भुकेल्या लेंकरांसाठीं होतें. महाग सुताचा आग्रह धरला असता तर जिच्या घरांत दाणा नाहीं तिनें कामास आरंभ तरी कशानें करावा? योग्य सूत म्हणजे सर्वांत मौल्यवान सूत नव्हे. करणाराच्या ऐपतीस, कामाच्या प्रकारास व वस्तूच्या उपयोगास जें जुळतें तें योग्य.

मात्र स्वस्त म्हणजे वाटेल तें, असा अर्थ कोणी घेऊं नये. आपल्या वेदीसाठीं जी भगिनी किंवा माता हें काम हातीं घेईल तिनें सुताचें लिनन कीं कापूस एवढेंच पाहून थांबूं नये. त्याचा पीळही पाहावा. पीळ सैल असेल तर सुई धाग्यांत शिरून तो फाटतो व त्यावर लव येते. फार घट्ट असेल तर त्याच्या गांठी वळतात. प्रत्येक टाक्यास धागा सुईच्या नेढ्यांत घासतो, म्हणून तो आंखूडच घ्यावा. नक्षीच्या कडेस जाड सूत व भरणीस बारीक, असें दोन प्रकारचें ठेवावें. आरंभीं एक लहान तुकडा करून तो धुऊन पाहावा, आणि लेस कापडास जोडण्यापूर्वीं दोन्ही धुवावीं; नाहीं तर पहिल्याच धुण्यांत एक आटतें व दुसरें सुरकुततें.

असो. यॉलच्या त्या मुलींपैकीं बहुतेकींचीं नांवें कोणत्याही शिलालेखावर नाहींत. त्यांच्या टाक्यांवर कुटुंबें जगलीं, हाच त्यांचा लेख. आपल्या धर्मग्रामांतही ज्यांनीं दिव्याच्या उजेडांत वेदीसाठीं सुई चालविली त्यांना ह्या महोत्सवाच्या मिस्सांत आपण आठवावें, आणि ही कला ज्यांना येते त्यांजकडून ती आपल्या मुलींनीं वेळींच शिकून घ्यावी.